परस्परसंमतीने घटस्फोट ठरलाय, पण मुलीचं अडलंय. बापाला नेमका काय हक्क असतो?

दोन_वेण्या

नमस्कार. दोन वर्षं इथे नुसता वाचत आलोय, लिहितोय पहिल्यांदाच. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

लग्नाला अकरा वर्षं झाली, मुलगी सात वर्षांची आहे. आमचं दोघांचं जमत नाही हे आता दोघांनाही कळून चुकलंय. मारहाण नाही, दारू नाही, तिसरं माणूस नाही. सव्वा वर्ष झालं, एकाच घरात दोन खोल्यांत राहतोय. बोलणं मुलीपुरतं. तिचा डबा भरलाय, उद्या तिची चाचणी आहे, बस दहा मिनिटं उशिरा येणारे, एवढंच. भांडून कोर्टात जायचं नाही, संमतीने अर्ज करायचा, हे ठरलंय. घर आणि पैसे यावरही फार ओढाताण झाली नाही.

अडलंय ते मुलीपाशी. बायको म्हणते, ती माझ्याकडे राहील, तू हवं तेव्हा ये. "हवं तेव्हा" म्हणजे कधी, असं विचारलं की "माझ्यावर विश्वास नाही का?" आणि तिथे बोलणं संपतं. महिनाभर हेच चाललंय.

इतरांचं म्हणाल तर ऑफिसातले सगळे एकच सांगतात: मुलगी आहे, ती आईकडेच जाणार, कोर्टात बापाला कोण विचारतं, सोड नाद. दादा अगदी दुसऱ्या टोकाला. त्याचं म्हणणं, कायद्याने बाप हाच नैसर्गिक पालक. अर्ज करायच्या आत सुट्टीचं निमित्त काढून तिला आमच्याकडे आणून ठेव, इथल्या शाळेत नाव घाल, मूल ज्याच्याकडे त्याचं पारडं जड. दादाला माझा कळवळा आहे म्हणूनच तो हे बोलतो, यात शंका नाही. पण त्याचं ऐकल्यापासून मला नीट झोप नाही.

एक सांगायचं राहिलं. मुलीच्या वेण्या मी घालतो. बायको सकाळी साडेसहाला कामावर निघते, त्यामुळे मुलगी बालवाडीत असल्यापासून हे काम माझ्याकडे. सुरुवातीला भांग वाकडा जायचा, एक वेणी वर एक खाली. आता संध्याकाळपर्यंत रिबिनीची गाठ सुटत नाही. तिला समोर बसवून विचारलं तर ती काही सांगत नाही. पाठमोरी बसली, केसांत कंगवा फिरायला लागला, की आदल्या दिवसाचं सगळं आपोआप बाहेर येतं. गेल्या आठवड्यात अशीच पाठमोरी बसलेली असताना म्हणाली, "बाबा, वेगळं राहायला लागल्यावर माझ्या वेण्या कोण घालणार?"

आम्ही तिला अजून काहीच सांगितलेलं नाही.

मला तिला तिच्या आईपासून तोडायचं नाही. ती आई म्हणून चांगली आहे, हे मी कुठल्याही कोर्टात सांगेन. पण मी पाहुणा होणार का? महिन्यातून दोनदा येऊन खाऊ देऊन जाणारा? माझ्या हातात कायद्याने काय आहे, आणि दादा म्हणतो त्यात तथ्य किती, हे कोणी अनुभवातून किंवा माहितीतून सांगेल का?

काळाकोट

मी कुटुंब न्यायालयात चौदा वर्षं वकिली करते. तुम्ही हिंदू विवाह कायद्याखाली लग्न केलंय असं धरून लिहितेय. तसं नसेल तर सांगा, काही कलमं बदलतील.

आधी दादांचा मुद्दा. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि "त्यांच्यानंतर" आई, असे शब्द आहेत हे खरं. पण गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच सांगितलं की "नंतर" म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतरच असं नाही. वडील हयात असूनही मुलाकडे बघत नसतील तर आईच पालक. आणि मुळात पालकत्व वेगळं, ताबा वेगळा. त्याच कायद्याच्या कलम १३ नुसार मुलाचं हित सर्वांत वर. तुम्ही बाप आहात म्हणून मुलगी तुमची आणि ती आई आहे म्हणून तिची, असं कोर्टापुढे कोणीच नुसत्या नात्यावर जिंकत नाही.

आता ऑफिसातल्यांचा मुद्दा. मूल पाच वर्षांखालचं असेल तर ताबा साधारणपणे आईकडे, असं कलम ६ म्हणतं. तुमची मुलगी सात वर्षांची आहे. पाचानंतर "आईकडेच जाणार" असा नियम कायद्यात कुठेही नाही. प्रत्यक्षात मुली आईकडे जास्त दिल्या जातात, हे मी नाकारत नाही. पण न्यायाधीश बघतात ते हे: रोज मुलाचं कोण करतं, शाळा कुठे, घरात आणखी कोण आहे, आणि कुठला पालक दुसऱ्याबद्दल मुलाच्या मनात विष कालवत नाही. १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्यात असंही आहे की मूल समजून मत देण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट त्याचं मत विचारात घेऊ शकतं. वय लिहिलेलं नाही. सात वर्षांच्या मुलाशी न्यायाधीश चेंबरमध्ये बोलतात, पण त्यावर सगळा निकाल ठरत नाही. मुलीला पढवून नेऊ नका. ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

मूल उचलून नेण्याबद्दल: करू नका. ताब्याचा अर्ज मूल जिथे "सामान्यतः राहतं" तिथल्या कोर्टात चालतो, चार दिवस दुसऱ्या गावी ठेवल्याने ते बदलत नाही. २००८ च्या गौरव नागपाल खटल्यात मूल कित्येक वर्षं वडिलांकडे होतं, तरी सर्वोच्च न्यायालयाने ताबा आईला दिला. स्वतःच्या चुकीच्या वागण्याचा फायदा स्वतःलाच मिळू द्यायचा नाही, हा विचार त्यामागे होता.

तुमच्यासाठी खरी वाट सोपी आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली संमतीचा अर्ज करायला निदान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. एका छताखाली असलात तरी नवरा-बायको म्हणून राहत नसाल तर ते वेगळं राहणंच, हे १९९१ च्या सुरेष्टा देवी निकालात आलंय. म्हणजे तुमचं सव्वा वर्ष धरता येईल. अर्जानंतर सहा महिने थांबण्याची मुदत असते. अमरदीप सिंग निकालानंतर, म्हणजे २०१७ पासून, कोर्ट ती माफ करू शकतं. पण त्यासाठी अर्जाआधी वेगळं राहून दीड वर्ष व्हावं लागतं आणि पोटगी, मुलांचा ताबा हे सगळं मिटलेलं असावं लागतं. म्हणजे मुलीचं ठरल्याशिवाय तुमची तीही वाट अडते.

ठरवा आणि कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या संमतीच्या लेखी अटींमध्ये, लिहा. तोंडी "हवं तेव्हा" कोर्टात दाखवता येत नाही. आणि पुढे परिस्थिती बदलली तर हिंदू विवाह कायद्याच्याच कलम २६ खाली घटस्फोटानंतरही अर्ज करून ताब्याचा आणि भेटीचा आदेश बदलून घेता येतो. हे एकदाच ठरून कायमचं गोठणारं प्रकरण नाही.

निळी_सायकल

मी कधी इथे हे लिहीन असं वाटलं नव्हतं. पण तुमच्या दादांचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

मला हेच माझ्या वडिलांनी सांगितलं होतं आणि मी ते केलं. मुलगा साडेपाच वर्षांचा होता. शाळेला सुट्टी लागली, त्याच्या आईला म्हटलं आठ दिवसांत येतो, आणि नाही आलो. तिथल्या शाळेत नाव घातलं. वकिलाची नोटीस आली, वडील म्हणाले येऊ दे. मला वाटत होतं मी लढतोय. मुलाला मी काय सांगितलं होतं माहितीये? आईला खूप काम आहे, म्हणून ती येत नाही.

चौथ्या महिन्यात कोर्टाने मुलाला हजर करायला सांगितलं. कॉरिडॉरमध्ये त्याची आई समोरून आली. मला वाटलं तो धावत जाईल. तो गेला नाही. माझा हात सोडला, तिच्यापासून चार पावलांवर उभा राहिला आणि दप्तराचा पट्टा तोंडात धरून चावत राहिला. आई आपल्याला विसरली असं त्याला चार महिने वाटत होतं, आणि ते त्याच्या मनात मी घातलं होतं.

ताबा तिच्याकडे गेला. मला दर शनिवारी दोन तास, कोर्टाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत, कर्मचाऱ्यांच्या नजरेखाली. तिथे एक निळी तीनचाकी सायकल होती, एक पेडल तुटलेलं. मुलगा तिच्यासाठी मोठा होता, तरी दोन तास तिच्यावरच बसून राहायचा, पाठीवरचं दप्तर न काढता. परत कुठे नेतील याचा त्याला भरवसा नव्हता. एक वर्ष हे असंच चाललं. मग अर्ज करून बाहेर न्यायची परवानगी मिळाली, त्यानंतर कितीतरी दिवसांनी रात्र मुक्कामाची. आज तो बारा वर्षांचा आहे आणि आमचं बरं आहे. पण अजूनही माझ्याकडे राहायला आला की "रविवारी किती वाजता सोडणार?" हे पहिलं विचारतो.

दादांना हा प्रतिसाद वाचायला द्या.

उंबरठा_

मी पलीकडच्या बाजूची आहे. माझ्याकडे मुलाचा ताबा आहे आणि सुरुवातीला मीही "हवं तेव्हा ये" हेच म्हणत होते. ते का म्हणत होते ते सांगते, कदाचित तुम्हाला उपयोग होईल.

मला भीती होती. तारीख-वार लिहून दिला की त्या दिवशी मूल द्यावंच लागणार, आणि दिलं की ते परत येईलच याची खात्री नव्हती. सासरची माणसं काय बोलतात ते माझ्या कानावर यायचं. घरात अशा गोष्टी लपत नाहीत. तोंडी ठेवलं की दोरी माझ्या हातात, असं वाटायचं. विश्वासाचा प्रश्न नव्हता. खरं म्हणजे विश्वास नव्हताच, आणि ते मला उघड म्हणता येत नव्हतं.

तुमच्या दादांचं बोलणं तुमच्या बायकोच्या कानावर गेलंय की नाही, हे आधी स्वतःला विचारा. गेलं असेल तर तुम्ही कितीही वेळापत्रकं पुढे ठेवलीत तरी तिला त्यातून एकच दिसेल. तिला न सांगता मुलीला कुठेही नेणार नाही, हे वचन तुम्ही आधी तुमच्याकडून तिला द्या. बोलून द्या आणि अर्जातही लिहून द्या.

आणखी एक. मुलाच्या खर्चाचं बोलताना "भेटू दिलंस तर देईन" असं वाक्य कधीही तोंडातून काढू नका. मी ते ऐकलंय. मुलाचं पोषण ही दोघांची जबाबदारी आहे, भेटीचं भाडं नाही.

दोन_वेण्या

निळी_सायकल, तुमचं लिहिलेलं दादाला पाठवलं. त्याने उत्तर दिलं नाही. रात्री वहिनीचा फोन आला, म्हणाली ते वाचून गच्चीवर जाऊन बसलेत.

उंबरठा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी शोधायला गेलो नव्हतो, पण ते मिळेल अशी भीती होती. हिंमत करून बायकोशी बोलतो. मग लिहितो.

जुनी_समुपदेशक

मी कुटुंब न्यायालयात समुपदेशक होते, निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. कायद्याचं वर आलंच आहे, मी कागदावर काय लिहायचं तेवढंच सांगते, कारण भांडणं तिथेच होतात.

"रिझनेबल अ‍ॅक्सेस", म्हणजे वाजवी भेट, हे दोन शब्द लिहून कितीतरी जोडपी हसतमुख बाहेर पडायची आणि वर्षाच्या आत परत यायची. रिझनेबल कुणाच्या मते? त्यापेक्षा वार लिहा, वेळ लिहा, कुठून घ्यायचं आणि कुठे सोडायचं ते लिहा. मी नेहमी सांगायचे, घेणं-सोडणं शाळेतून होऊ द्या. शाळा सुटली की बाबा घेईल, सोमवारी शाळेत सोडेल. मग दारातली भेट टळते. मुलाच्या पोटात गोळा येतो तो दारात, दोघं समोरासमोर उभे असताना. शनिवार-रविवार एकाड एक, शाळेच्या लांब सुट्ट्या निम्म्या-निम्म्या, मुलीचा वाढदिवस कसा, मूल आजारी पडलं तर ठरलेल्या दिवसाचं काय, हे सगळं आत्ताच, तुम्ही एकमेकांशी नीट बोलताय तोवर ठरवा. रोजच्या फोनची वेळही लिहा. यशिता साहू निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय की ज्याच्याकडे ताबा नाही त्याला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलायला मिळावं. लोकांना हे माहीत नसतं आणि मग मुलाने फोन उचलला नाही यावरून महाभारत होतं.

शाळा बदलणं, ऑपरेशन, पासपोर्ट, गाव बदलणं, हे निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे असंही लिहा. शाळेच्या नोंदीत दोघांचेही फोन नंबर राहतील हे बघा. क्षुल्लक वाटतं, पण शाळेचा निरोप न मिळालेला बाप हळूहळू खरंच पाहुणा होतो.

संयुक्त ताब्याबद्दल विचारतील म्हणून सांगते. विधी आयोगाने मे २०१५ च्या २५७ व्या अहवालात त्याची शिफारस केली होती. कायद्यात ती अजून उतरलेली नाही. पण दोघं मिळून संगोपन करू, अशा अटी संमतीने लिहून आणल्या आणि त्या मुलाच्या हिताच्या दिसल्या, तर कोर्ट त्या स्वीकारतं.

आणि मुलीला आता सांगा. तिला कळलेलं आहे, हे तिने तुम्हाला स्वतः सांगितलंय. दोघांनी मिळून, एकाच वेळी सांगा. तिच्या शनिवारचं, तिच्या दप्तराचं, तिच्या वेण्यांचं काय होणार, ते ठरवून मगच तिच्यापुढे बसा. सात वर्षांच्या मुलाला घटस्फोट हा शब्द कळत नाही. मी रोज कुठे झोपणार, हे मात्र त्याला नक्की विचारायचं असतं. "तुझी यात काही चूक नाही" हे वाक्य तिने विचारलं नाही तरी म्हणा.

दोन_वेण्या

आठ दिवसांनी लिहितोय.

बायकोला दादाचं सगळं माहीत होतं. मी सांगायला सुरुवात केली तर म्हणाली, मला दोन महिन्यांपूर्वीच कळलं. मग उठली, कपाट उघडलं आणि मुलीच्या कागदांची फाइल मला दाखवली. आत जन्मदाखला नव्हता, पासपोर्ट नव्हता. दोन्ही तिने तिच्या आईकडे नेऊन ठेवले होते. ज्या घरात मी रोज सकाळी मुलीच्या वेण्या घालत होतो, त्याच घरात ती रात्री उठून मुलगी पलंगावर आहे ना हे बघत होती. मला याचा पत्ताच नव्हता. तिचा मला राग आला नाही. तिला दोन महिने अशी झोप लागली नसेल, हे मात्र आतवर गेलं.

मी तिला कागदावर लिहून दिलं की तिला न सांगता, तिच्या लेखी होकाराशिवाय मुलीला गावाबाहेर नेणार नाही. हे कन्सेंट टर्म्समध्येही घालायचंय. तिने तो कागद वाचला, परत वाचला, आणि मग पहिल्यांदा आम्ही कॅलेंडर काढून बसलो. मुलगी तिच्याकडे राहील. एकाड एक शनिवार-रविवार माझ्याकडे, शुक्रवारी शाळेतून घेईन, सोमवारी शाळेत सोडेन. सुट्ट्या निम्म्या. बुधवारी संध्याकाळी मी असावं की गुरुवारी, यावर अजून एकमत नाही, मुलीचा गाण्याचा क्लास गुरुवारी असतो. मी शाळेपासून चालत जाता येईल असं घर बघतोय.

मुलीला रविवारी दोघांनी मिळून सांगितलं. ती रडली, मग आईच्या मांडीवर डोकं आणि माझ्या मांडीवर पाय असं करून बराच वेळ पडून राहिली. नंतर दोन प्रश्न विचारले. दोन्ही घरी रात्रीचा दिवा असेल का? आणि वेण्या?

म्हणून काळाकोट ताई, एक शेवटचं. बायको साडेसहाला निघतेच. मी शाळेच्या दिवशी सकाळी साडेसहा ते आठ तिच्या घरी येऊन मुलीचं आवरून तिला बसपर्यंत सोडावं, असं आम्हा दोघांनाही चालणार आहे. तिनेच सुचवलं. पण असलं काही अटींमध्ये लिहितात का? की हे फारच घरगुती झालं आणि कोर्ट हसेल?

काळाकोट

कोर्ट हसत नाही. लिहा. "शाळेच्या प्रत्येक दिवशी सकाळी ६.३० ते ८ वडील मुलीच्या राहत्या घरी येऊन तिची शाळेची तयारी करून तिला बसपर्यंत सोडतील. ज्या दिवशी येणं शक्य नसेल त्याच्या आदल्या रात्री नऊच्या आत कळवतील." तुमची किंवा त्यांची कामाची वेळ बदलली तर काय, ती ओळही खाली घाला. घराची किल्ली कोणाकडे असेल हेही ठरवून लिहा, पुढे तिथेच अडतं. आणि बुधवार-गुरुवारचं मिटलं की मसुदा सही करण्याआधी दोघांनी वेगवेगळ्या वकिलांना दाखवा. त्यांच्याकडे वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जायला सांगा, बायकांना आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

दोन_वेण्या

किल्लीचं सुचलंच नव्हतं. आज विचारतो.